खालच्या कोपऱ्यातले खड्डे

हिरवळीवर खड्डा दिसला की लगेच जनावराचं नाव घ्यायचं नाही, हा नव्या माळ्यांसाठी माझा पहिला नियम होता. एकदा डुक्कर म्हटलं की मग डुकराचीच पावलं दिसायला लागतात आणि शेजारी पडलेलं पीस कुणी उचलूनसुद्धा बघत नाही. आधी खड्ड्यापाशी उकिडवं बसायचं. माती कुठल्या बाजूला उडाली आहे ते बघायचं. आत बोट घालायचं (आधी काडी घालून, विंचू नाही ना याची खात्री करून), वास घ्यायचा, आणि तोंड बंद ठेवायचं. सगळ्यांत अवघड काम हे शेवटचं. मुळशीत गप्प बसून खड्डा बघणारा माणूस मला माझ्याखेरीज कुणी भेटला नाही. पहारेकऱ्यापासून खानसाम्यापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं जनावर तयारच असायचं.

पन्नास-साठच्या त्या काळात मी मुळशीच्या धरणावरच्या विश्रामगृहात बागेचा मुकादम होतो. पुण्यातल्या एका मोठ्या बागेत कलमं बांधायला शिकलो आणि मग वडिलांच्या ओळखीने इकडे लागलो. आलो तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात पळून जाईन. पाऊस सुरू झाला की चपलांवर शेवाळ धरायचं, काड्यापेट्या दमट व्हायच्या, आणि समोरचा तलाव आहे की नाही हेही कळायचं नाही. पण पाऊस सरून दसऱ्याच्या सुमाराला धुकं वर उचललं जायचं, खाली निळं पाणी, पलीकडे डोंगर आणि मधे आमची ओली हिरवळ. आता पुण्यात नातवाच्या घरी गॅलरीत चार कुंड्या आहेत. सकाळी त्यांना पाणी घालताना ती हिरवळ आठवते आणि खरं सांगतो, पाणी कुंडीबाहेर सांडतं.

बाहेरच्यांना वाटतं, माळ्याचं काम म्हणजे पाणी घालणं. हिरवळ राखणाऱ्याचं निम्मं काम मात्र पोलिसाचं असतं. घूस खणते तेव्हा तोंडाशी मातीचा ढीग लागतो. मुंगूस नाक खुपसून हुमणीच्या अळ्या काढतं, त्याचा खड्डा पेल्याएवढा आणि निमुळता. डुक्कर खड्डा करतच नाही, नांगरून टाकतं. खवल्या मांजर मुंग्यांच्या मागे असतं, त्याच्या नखांचे ओरखडे आत खोलवर दिसतात. आणि पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांत मोठे गुन्हेगार म्हणजे खेकडे. बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या रचून ठेवतात. विश्रामगृहाच्या साहेबांकडे खेकड्यांची तक्रार गेली की माझ्या गड्यांना आनंद व्हायचा, कारण बंदोबस्ताचा रस्सा करून खाता यायचा.

एवढं करूनही उमगलं नाही तर माझा उपाय साधा होता. खानसाम्याकडून चुलीतली राख मागून आणायची, चाळायची, आणि संध्याकाळी खड्ड्यांभोवती पातळ पसरून घरी जाऊन झोपायचं. सकाळी राखेत कोण येऊन गेलं ते लिहिलेलं असतं. जागत बसायचं कारण नाही. खानसामा मात्र दर वेळी राख अशी मोजून मापून द्यायचा, जणू ती त्याच्या माहेराहून आलेली आहे.

हळूहळू माझं नाव झालं. जवळच्या माले गावी एका पेन्शनर गृहस्थांनी छोटा बंगला बांधला होता आणि पुढे घोंगडीएवढी हिरवळ केली होती. तिला भोकं पडू लागली. त्यांनी गावभर सांगितलं, रानडुक्कर येतंय. शिवाय शेजाऱ्याने कुंपण मुद्दाम ढिलं केलंय म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. मला निरोप आला, मी सायकल मारत गेलो. भोकं करंगळीएवढी. आम्ही पडवीत चहा घेत बसलो होतो तेवढ्यात एक हुदहुद पक्षी तुरा उघडत-मिटत आला आणि लांब चोच खुपसत हिरवळभर फिरला. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, तुम्ही गावात फक्त 'बंदोबस्त केला' एवढंच सांगा. मी तसंच सांगितलं. शेजाऱ्याशी मात्र ते पुढेही बोलले नाहीत, कारण आता बोलायचं तर डुक्कर मागे घ्यावं लागलं असतं.

असे गमतीचे किस्से पुष्कळ आहेत. पण माझ्या मनात घर करून बसलेली हकिकत चिमाबाईची आहे.

चिमाबाई माझ्या हाताखाली रोजावर होती. निंदणं, खत कालवणं, पाट्या वाहणं अशी कामं करायची. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठी, काटक, नवरा गेल्यावर भावाकडे राहणारी. भावाचं घर तलावाच्या एका फाट्यापलीकडे डोंगराच्या उतारावर वरच्या वाडीत होतं. धरण झालं तेव्हा ती पोरवयात होती. त्यांचं गाव आणि वडिलांचं भाताचं खाचर पाण्याखाली गेलं. वाडीला उतारावर नाचणी-वरीपुरता कातळ मिळाला, भाताला जागा नाही. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला ती फक्त हळू काम करणारी बाई म्हणून माहीत होती.

त्या वर्षी साहेबांनी हिरवळ खालच्या अंगाला वाढवायची ठरवली. दिवाळीत वरचे मोठे पाहुणे कुटुंबांसह यायचे होते. आमचे साहेब शिस्तीचे, बुटाच्या नाडीची दोन्ही टोकं सारखी असावीत असा आग्रह धरणारे, पण मनाने वाईट नव्हते. तिथली जमीन मुरमाड, म्हणून मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर तळ्याचा उघडा पडलेला गाळ आणून पसरायचा, असं मी सुचवलं. रस्त्याच्या अगदी खालीच गाळ होता. गडी आणि बाया भराभर पाट्या आणत होत्या. चिमाबाई मात्र काठाकाठाने पार वळणापलीकडे दिसेनाशी व्हायची. बाकीच्यांच्या तीन-चार खेपा होत तेव्हा तिची एक. मी दोनदा बोललो, एकदा जरा जास्तच बोललो. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तिकडेच गेली. तिची सगळी माती मी वैतागून खालच्या कोपऱ्यात टाकायला लावली.

पावसाच्या तोंडावर आम्ही हरळी लावली. पाऊस ओसरला तेव्हा सगळ्या हिरवळीत तो खालचा कोपरा सगळ्यांत दाट आणि हिरवागार. मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवत होतो.

दसऱ्याच्या आसपास त्याच कोपऱ्यात खड्डे पडू लागले. मूठभर रुंद, मनगटभर खोल, रोज नवे. बाकीच्या हिरवळीला धक्कासुद्धा नाही. लगेच पंचायत भरली. पहारेकरी म्हणाला घूस, खानसामा म्हणाला खवल्या मांजर, साहेबांना कावळ्यांचा संशय. मी आपला गप्प. साहेबांनी एवढं मात्र स्पष्ट सांगितलं की दिवाळीच्या आत कोपरा सपाट दिसला पाहिजे, आणि जनावर मोठं असलं तर पाहुण्यांपैकी कुणी तरी बंदूक घेऊन येणारच आहे.

मी राख पसरली. सकाळी बघतो तर राखेत लहान मुलाच्या पावलासारखे ठसे, आणि त्यांच्या मागून कुणीतरी खराटा ओढत नेल्यासारख्या बारीक रेघा. कुंपणाच्या तारेपाशी काळापांढरा काटा पडला होता. साळिंदर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण माझं काम निम्मंच झालं होतं. साळिंदर उगीच हौसेने खणत नाही, कंद किंवा मुळं खायला खणतं. हरळीत त्याला काय मिळणार? आणि मिळत असेल तर याच कोपऱ्यात का? मी खुरप्याने एक खड्डा मोठा केला. आत काळ्या रंगाच्या, सुपारीहून लहान गाठी लागल्या. चिमटीत फोडल्यावर उग्र गोड वास आला. लव्हाळा! भाताच्या खाचरातलं जुनं दुखणं. कितीही उपटा, गाठी खाली राहतात आणि पुन्हा फुटतात. मशीनने कापल्यामुळे तो हरळीत मिसळून गेला होता, आणि मी ज्या हिरवेपणाचं कौतुक करत होतो तो निम्मा लव्हाळ्याचा होता. शिवाय ही माती काळी, चिकट, लोण्यासारखी. दोन हात पलीकडची माती पिवळट आणि रेताड. एकाच तळ्याचा गाळ, मग असं कसं?

साहेबांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गाठ हातात घेऊन वास घेतला, आणि बंदुकीची भाषा सोडली. गाठी आहेत तोवर साळिंदर येणार, तेव्हा त्या कोपऱ्यातली माती पार मुरमापर्यंत उपसा, असं ते म्हणाले. उपसलेली माती कुठं टाकायची, तर उताराखालीच पाणी आहे, त्यात लोटून द्या. सोपं काम होतं. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच सांगितलं असतं. चिमाबाई शेजारीच वाफ्यात निंदत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

जेवणाच्या सुट्टीत मी रोपांच्या मांडवाखाली भाकरी सोडत होतो तर ती येऊन उभी राहिली. एरवी ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

"मुकादम, ती माती पान्यात नका लोटू."

मी विचारलं, का?

"आमचं वावर हाय ते. बाचं."

मग ती खाली बसली आणि सांगत गेली. वळणापलीकडे त्यांच्या वडिलांचं खाचर होतं, गावातल्या इतर जमिनींपेक्षा जरा उंचावर. म्हणून कडक उन्हाळ्यात, पाणी फारच खाली गेलं तर तेवढंच थोडे दिवस उघडं पडायचं. बांधाचे दगड अजून ओळखू येत. आंबेमोहोर पिकायचा तिथं, आणि लव्हाळाही. तिच्या आईचं सगळं आयुष्य तो लव्हाळा उपटण्यात गेलं, बोटांची नखं कायम काळी. वडील पुढे वाडीत राहायला आल्यावर दर उन्हाळ्यात काठावर जाऊन बसत, पाणी खाली जायची वाट बघत. कुणाशी बोलत नसत. खाचर उघडं पडलं की त्यात एकदा फिरून येत आणि मग पाऊस लागला की पुन्हा काठावर यायचे नाहीत. ते गेले तेव्हा पावसाळाच होता.

"तुमी गाळ आना म्हनलात," ती म्हणाली, "तवा मनात आलं, सायबाच्या बागंत का हुईना, बाची माती पान्यातनं वर तर यील. म्हून लांबनं आनली. आता परत पान्यात गेली तर ती मीच बुडवल्यावानी हुईल."

उन्हाळ्यात मी तिला ज्या खेपांवरून बोललो होतो त्या खेपा डोळ्यांपुढे आल्या. डोक्यावर ओली पाटी घेऊन काठाकाठाने चालत येणारी ती, आणि इकडे झाडाच्या सावलीत उभा राहून ओरडणारा मी. मी तिला म्हटलं, घेऊन जा तुझी माती, मी साहेबांना विचारतो.

विचारणं वाटतं तेवढं सोपं नव्हतं. फाटकाबाहेर काडी न्यायची तरी साहेबांची चिठ्ठी लागायची. शिवाय ती जमीन केव्हाच धरणाच्या मालकीची झालेली, म्हणजे तिच्यावरचा गाळही धरणाचाच. साहेबांनी हे सगळं मला बोटावर समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिलो, पण जागचा हललो नाही. शेवटी ते खिडकीतून त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले की चिठ्ठी मालाला लागते, कचऱ्याला लागत नाही. बाहेर टाकायचा कचरा कोण कुठं टाकतो ते बघायला त्यांना वेळ नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला आणि कागद ओढले. त्यांचे मी आजही आभार मानतो. तेव्हा मानायची पद्धत नव्हती.

चिमाबाईला हे सांगताना माझी जीभ अडखळली. बापाच्या खाचराला कचरा म्हणायचं कसं? ती म्हणाली, म्हणू द्या, फाटकाबाहेर गेली की माती ती मातीच.

दुसऱ्या दिवसापासून उपसणी सुरू झाली. काम सुटल्यावर ती एकेक पाटी भरून, पाण्याच्या फाट्याला वळसा घालून पायवाटेने वाडीला न्यायची. एकटीने नेली असती तर होळी आली असती. पण मी बघितलं, संध्याकाळी घरी निघालेला प्रत्येक गडी, प्रत्येक बाई, कोपऱ्यापाशी थांबून आपली पाटी भरून घेतेय. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनेही सांगितलं नसावं. सगळेच त्या बुडालेल्या गावांमधले. त्यांच्या जमिनी खोल, तळाशी, त्या कुठल्याच उन्हाळ्यात उघड्या पडल्या नाहीत. एका म्हाताऱ्या गड्याला मी म्हटलं, बाबा, तुला चढ झेपायचा नाही. तो म्हणाला, "माजं वावर काय वर यायचं न्हाई. हिचं आलंय, तर हात लावतो." आणि पाटी उचलून चालायला लागला.

कोपऱ्यात आम्ही लाल माती भरली, हरळी लावली, रोज पाणी मारून सपाट केली. दिवाळीत पाहुणे आले, वेताच्या खुर्च्या टाकून बसले, मुलं फुलबाज्या घेऊन पळाली. एक बाई म्हणाल्या, हिरवळ छान आहे. साळिंदर पुन्हा फिरकलं नाही.

नंतरच्या वर्षी चिमाबाईने दोन-चारदा सांगितलं, एकदा बघायला या. मी आज जातो उद्या जातो करत राहिलो. नवरात्र सरल्यावर एका दुपारी होडीवाल्याला सांगून पलीकडे गेलो आणि चढून वाडीत पोचलो. घरामागे उतारावर दगड रचून तिने बांध घातला होता आणि त्याच्या आत ते खाचर होतं. दोन बाजा शेजारी शेजारी टाकल्या तर झाकलं जाईल एवढं. त्यात भात उभा होता, पोटऱ्या सुटून लोंब्या खाली झुकलेल्या. वारा आला तसा आंबेमोहोराचा वास आला. चिमाबाई पदराला हात पुसत आली. तिच्या बोटांची नखं काळी होती.

माझी नजर सवयीप्रमाणे जमिनीकडे गेली. बांधाच्या कडेला, मूठभर रुंद, मनगटभर खोल, ताजे खड्डे. मी उकिडवा बसलो. बोट घालून बघितलं, राखेची गरजच नव्हती. तिला म्हणालो, साळिंदर आहे, लव्हाळ्याच्या वासाने आलंय. काळजी करू नको, उद्या दोन गडी पाठवतो, बाभळीच्या काट्या लावून पक्कं कुंपण करून देतील, एक रात्र आत यायचं नाही.

"नगं," ती म्हणाली. "यिऊ द्या त्येला."

लोंब्या पाडेल, बांध पोखरेल, मी समजावून सांगितलं. तिने घराच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं चार वाश्यांवर फळ्या बांधून कमरेएवढा राखणीचा माळा उभा केला होता. दोन बाजांच्या शेताला माळा! मला हसू आलं, पण तिच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं.

"ल्हान हुते तवा बाच्या माळ्यावर मी राखन करायची. डुकरं, साळिंदरं, समदी यायची. मी हाकलायची. गाव बुडालं तवापास्नं कोन आलंच न्हाई. यिऊन खानार काय, कातळ?" ती बांधावर बसली आणि खड्ड्यातली माती हाताने सारखी करू लागली. "आता येतंय. वावर हाय म्हून येतंय."

तिने चहा केला. निघताना मूठभर हिरव्या लोंब्या माझ्या हातात दिल्या. कुंपणाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर भात कापेपर्यंत रोज, सूर्य डोंगराआड गेला की पलीकडच्या उतारावरून तिची हाळी यायची. हाऽऽ... हुर्र हाऽऽ... पाण्यावरून आवाज लांबवर येतो. हिरवळीवरची पानं गोळा करणारे गडी हातातलं काम थांबवून ऐकायचे, आणि हाळी संपली की पुन्हा कामाला लागायचे. साळिंदर इतक्या लवकर बिळाबाहेर पडत नाही. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं.